बेलवरचं नाव दुकानदाराचं, मग बाजा कुणाचा?

आजोबांचा बँडमधला ट्रम्पेट आहे. बेलवर, म्हणजे पुढच्या पसरट तोंडावर, मुंबईच्या एका दुकानाचं नाव, खाली नुसतं 'जर्मनी'. कारखाना कुठला असेल?

दुकानदाराने स्वतःचं नाव घालून मागवलेला माल हा, याला स्टेन्सिल म्हणतात. सगळ्यात जास्त शक्यता जर्मनीच्या सॅक्सनी प्रांतातल्या मार्कनॉयकिर्खन-क्लिंगेनथाल पट्ट्याची. तिथे घरोघरी काम चालायचं, व्हॉल्व्ह एकाकडे, बेल दुसऱ्याकडे, आणि व्यापारी ते सगळं गोळा करून जगभर पाठवायचे, धंदा एवढा की मार्कनॉयकिर्खनसारख्या चिमुकल्या गावात अमेरिकेने १८९३ ते १९१६ चक्क कॉन्सुलेट ठेवलं होतं! त्यामुळे कारागिराचं नाव शोधायला गेलात तर बहुतेक वेळा हाती काही लागत नाही, गाव कळलं तरी पुष्कळ झालं. आणि पिस्टन, म्हणजे वर-खाली होणारे, व्हॉल्व्ह आहेत म्हणून जर्मन नाही असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, बाहेर पाठवायचा माल ते पिस्टनचाही करायचे.

माझ्या बाजाच्या रोटरी, म्हणजे गोल फिरणाऱ्या, व्हॉल्व्हच्या भागांवर १२ आकडा आहे. या सिरियल नंबरवरून साल निघेल का?

तो सिरियल नंबर नाहीच. जोडणी करताना एका बाजाचे भाग दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून मारलेली खूण ती. सालासाठी देशाचं नाव बघा. ब्रिटनचा १८८७चा आणि अमेरिकेत १८९१पासून लागू झालेला कायदा, यांच्यामुळे मालावर देश लिहायची पद्धत पडली. 'चेकोस्लोव्हाकिया' असेल तर १९१८नंतरचा, 'जीडीआर' (म्हणजे पूर्व जर्मनी) किंवा 'वेस्ट जर्मनी' असेल तर १९४९ ते १९९०मधला. पत्त्यात पाच आकडी जर्मन पिनकोड दिसला तर १९९३नंतरचा, मग विकणारा 'अँटिक' म्हणू दे नाहीतर काही म्हणू दे.

मी स्टुटगार्टला असते. इथे एक जुना 'वेल्टक्लांग' ट्युबा मिळतोय, ही कंपनी कोणती?

पूर्व जर्मनीतल्या सरकारी बी अँड एस कारखान्याचा ब्रँड. त्या काळच्या बी अँड एसचे फोटो शेजारी ठेवून माउथपाइपचं (फुंकायच्या बाजूच्या नळीचं) वळण, ब्रेसचा (नळ्या जोडणाऱ्या आधाराच्या पट्टीचा) आकार, लिव्हरची जोडणी ताडून बघा. कोरलेली अक्षरं कोणीही कोरतं, पण ब्रेसचे साचे कारखाना सहसा बदलत नाही.

बेलच्या कडेला जर्मन सिल्व्हरची नक्षीदार पट्टी आहे. म्हणजे भारी मेकर ना?

त्या पट्टीला क्रान्झ म्हणतात, आणि ती साध्या मालावरही असायची. शिवाय बोहेमियातल्या ग्रास्लिट्झमध्येही, म्हणजे आजच्या चेक क्रास्लिसेत, हेच काम चालायचं. १९४५नंतर तिथल्या जर्मन कारागिरांना हाकललं, बरेच जण बव्हेरियात वाल्डक्राइबुर्ग, गेरेट्सरीडला गेले, मागे क्रास्लिसेत अमाटी ही बाजे बनवणारी कंपनी उभी राहिली. सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखे दिसणारे बाजे सापडतात ते यामुळे. नुसत्या क्रान्झवर जास्त पैसे मी तरी देणार नाही.

बफिंग करून चकाचक करू का?

अजिबात नको! पुसट शिक्के पहिल्याच फेरीत जातात. आधी तिरका उजेड टाकून व्हॉल्व्ह आणि बेलचे फोटो काढा, मग हवं ते करा.