गुडघे कुरकुरतात, पण डॅन्यूबकाठी सायकल चालवायचीये

मागच्या अंकात मी डॅन्यूब नदीच्या काठाने केलेल्या सायकल ट्रिपबद्दल लिहिलं होतं, जर्मनीतल्या पासाऊपासून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंत. त्यावर इतकी पत्रं आली की सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, म्हणून चार निवडलीत.

प्रश्न : ताई नमस्कार. मी 61 वर्षांची, बँकेतून रिटायर झालेय. मुलगा म्युनिकला असतो, मे-जूनमध्ये आम्ही दोघं त्याच्याकडे जाणार आहोत. तुमचा लेख वाचल्यापासून ते डोक्यातून जातच नाहीये. पण गुडघे कुरकुरतात, सायकल कॉलेजात चालवली ती शेवटची, आणि ह्यांचं म्हणणं की या वयात नसतं धाडस नको. सव्वातीनशे किलोमीटर मला झेपेल का? चढ किती आहेत? — एक वाचक, सांगली

उत्तर : काकू, झेपेल. तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये, त्यामागे कारण आहे. हा रस्ता मुळात सायकलसाठी केलेलाच नाही, तो घोड्यांचा रस्ता आहे. आगबोटी यायच्या आधी मीठ, धान्य, वाईन भरलेली होडकी प्रवाहाच्या उलट न्यायची म्हणजे काठावरून घोडे लावून दोरखंडाने ओढत न्यायची, त्या घोड्यांच्या वाटेला तिकडे ट्रेपेलवेग म्हणतात. आता ओझं ओढणाऱ्या घोड्यांना चढउतार कसा चालेल, म्हणून वाट पाण्याला चिकटून, सपाट. एकोणिसाव्या शतकात आगबोटी आल्या, घोडे गेले, वाट मात्र राहिली, आणि आज बऱ्याच ठिकाणी तिच्यावर गुळगुळीत डांबर आहे. पासाऊ ते व्हिएन्ना सगळं मिळून दीडशे मीटरच्या आसपास उतार, तोही तुमच्या बाजूने, आणि वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून म्हणजे पाठीवर. म्हणून पासाऊकडून निघा, व्हिएन्नाकडून नको.

तरुण मुलं हे पाच-सहा दिवसांत करतात. तुम्ही आठ-नऊ घ्या, म्हणजे दिवसाला पस्तीस-चाळीस किलोमीटर, आणि ते सकाळी दोन तास आणि चहानंतर दोन तास असं आरामात होतं. सामान स्वतः वाहायचं नाही, एका मुक्कामावरून दुसऱ्या मुक्कामाला बॅगा पोचवणारे लोक आहेत, त्यांना पैसे द्या, गुडघ्यांसाठी सगळ्यात चांगला खर्च तोच. बॅटरीवाली सायकलही भाड्याने मिळते, ती घ्यायला बिलकुल संकोच नको. आणि कंटाळा आला, पाऊस लागला तर मधल्या कितीतरी गावांना रेल्वे स्टेशन आहे.

गुडघ्यांचं एक मात्र नीट सांगते कारण मी स्वतः ते भोगलंय. मी सायकल भाड्याने घेतली तिथे सीट खूप खाली ठेवून दिली होती, मलाही वाटलं पाय पूर्ण टेकतायत, सुरक्षित आहे, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी गुडघ्याच्या वाटीखाली असा ठणका लागला की पायऱ्या उतरवेनात. एका गावात लॉजच्या मालकीणबाईंनी बघितलं आणि न विचारता पाना आणून सीट चार बोटं वर केली. दोनेक दिवसांत दुखणं गेलं. तर दुकानातून हलायच्या आधी सीटवर बसा, टाच पेडलवर ठेवा, पेडल सगळ्यात खाली न्या. पाय जवळजवळ सरळ झाला पाहिजे. चालवताना चवडा पेडलवर येतो तेव्हा गुडघ्यात थोडा बाक राहतो, तेवढाच हवा. आणि गिअर कायम हलका, जोर लावून पेडल मारायचं नाही, पाय भरभर फिरू द्यायचे. गुडघ्यांचं आधीचं काही निदान असेल तर एकदा डॉक्टरांना विचारून घ्या.

सराव आत्तापासून सुरू करा. तुमच्याकडे हरिपूरचा रस्ता आहे, चिंचेच्या झाडांचा, पहाटे संगमेश्वराच्या देवळापर्यंत जाऊन यायचं, पहिले पंधरा दिवस एवढंच. कृष्णा-वारणेचा संगम रोज बघणाऱ्या माणसाला पासाऊ फार आवडेल, तिथे तीन नद्या मिळतात, डॅन्यूब, आल्प्समधून येणारी हिरवट दुधाळ इन आणि काळसर पाण्याची छोटी इल्झ, आणि मिळाल्यावरही थोडं अंतर पाण्याचे रंग वेगळे दिसत राहतात. तिथल्या टाउन हॉलच्या भिंतीवर पुराच्या खुणा आहेत, वर्ष लिहिलेल्या. 2013 ची रेघ माझ्या डोक्याच्या कितीतरी वर होती. त्याच्या वरची पाचशे वर्षांपूर्वीची, 1501 ची. मी तिथे बराच वेळ उभी होते, मला सांगलीचा आयर्विन पूल आणि 2019 चा पूर आठवत होता. तुम्ही तो पूर पाहिला असणार, तुम्हाला त्या भिंतीसमोर काही समजावून सांगावं लागणार नाही.

काकांनाही सायकलवर घ्या. नाहीच आले तर रेल्वेने पुढच्या गावात जाऊन थांबू देत, तसं करणारी जोडपी मला भेटली.

प्रश्न : माझी स्वतःची गिअरची सायकल आहे, विमानातून नेऊ का? — नाशिक

उत्तर : पहिल्याच वेळी नको. पेटी, जादा सामानाचे पैसे, तिथे जाऊन जोडणं, परत येताना पुन्हा सुटी करणं, फार कटकट. पासाऊत सायकल घेऊन व्हिएन्नात परत देता येते, पंक्चरचं सामान सोबत मिळतं. फक्त स्वतःची सीट काढून न्या, बसायची सवय त्या एकाच गोष्टीची असते. शेवटी सायकल घेऊन ट्रेनने परत यायचं असेल तर फास्ट गाडीत सायकलची जागा आधी बुक करावी लागते.

प्रश्न : आम्ही पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. आठ दिवस काय खायचं? आणि जपून काय राहायचं? — पुणे

उत्तर : उपाशी राहणार नाही पण विचारायला लाजायचं नाही. सगळ्यात जास्त फसवणूक सूपमध्ये होते. फ्रिटाटेनझुप्पे नावाचं सूप दिसायला अगदी साधं, पातळ धिरड्याच्या पट्ट्या आणि पाणी, पण ते पाणी गोमांसाचं असतं आणि धिरड्यात अंडं. बटाट्याच्या सॅलडमध्ये कधी कधी डुकराच्या चरबीचे बारके तुकडे असतात, म्हणून "ओने फ्लाइश" म्हणजे मांसाशिवाय एवढं म्हणून थांबू नका, "ओने श्पेक" हेही म्हणा. अंड्यासाठी "ओने आय". चीज घातलेल्या नूडल्स सगळीकडे मिळतात पण त्या नूडल्समध्येही बहुतेक अंडं असतं, हे कुणी सांगत नाही. मला आठ दिवस तारलं ते वाईनवाल्या शेतकऱ्यांच्या अंगणातल्या जेवणाने, काळसर पाव, लिप्टाउअर म्हणजे तिखट लाल मिरचीपूड घातलेलं मऊ चीज, काकडी, मुळा. दारावर हिरव्या डहाळ्या टांगलेल्या असल्या की समजायचं आज उघडं आहे. रविवारी मात्र दुकानं बंद, शनिवारीच फळं, पाव, दही घेऊन ठेवा. नळाचं पाणी पिण्यासारखं असतं, बाटल्या विकत घेऊ नका. सोबत थोडं मेतकूट, लिंबाचं लोणचं आणि भाजणी न्याच.

प्रश्न : मुलगा 10, मुलगी 14. रस्त्यावर गाड्या अजिबात नसतात हे खरं का? कुठला भाग निवडावा, आमच्याकडे तीनच दिवस आहेत. — ठाणे

उत्तर : अजिबात नसतात असं नाही. बराचसा रस्ता फक्त सायकल आणि पायी चालणाऱ्यांचा, पण मधेमधे गावातला छोटा रस्ता येतो, शेतकऱ्याचा ट्रॅक्टर येतो. ऑस्ट्रियात 12 वर्षांखालच्या मुलांना हेल्मेट सक्तीचं आहे, मुलीलाही घालाच.

तीन दिवस असतील तर फक्त वाखाऊ करा, म्हणजे मेल्क ते क्रेम्स या दोन गावांमधलं डॅन्यूबचं खोरं, जेमतेम 36 किलोमीटर, आणि तीनही दिवस तिथेच घालवा. मेल्कचा पिवळाधमक मठ बघायला अर्धा दिवस लागतो. मुलाला वाटेतल्या ड्युर्नश्टाइन गावच्या पडक्या किल्ल्यावर न्या, इंग्लंडचा राजा रिचर्ड धर्मयुद्धावरून परतताना 1192 मध्ये पकडला गेला आणि तिथे कैदेत होता, चढायला अर्धा तास, वरून नदीचं वळण दिसतं. गाड्यांचा मोठा रस्ता गावाखालच्या बोगद्यातून नेलाय त्यामुळे वर गल्लीत सायकलच्या घंट्याच ऐकू येतात. जुलैत गेलात तर ताजे जर्दाळू, आपण खातो ते सुकवलेले नाहीत, झाडावरून काढलेले, हातात धरले की ऊन लागलेलं जाणवतं. अख्खा जर्दाळू पिठाच्या गोळ्यात घालून उकडतात, वर लोण्यात परतलेला पावाचा चुरा, मुलं मोदक म्हणून खातील.

तुम्ही वाखाऊच्या आधीचा मौटहाउझेन टप्पा घेणार असाल तर, तिथे नाझी छळछावणी होती, 1938 ते 1945, ती आणि तिच्या उपछावण्या मिळून एक लाख नव्वद हजार माणसं डांबली गेली आणि निदान नव्वद हजार मेली. दगडाच्या खाणीच्या 186 पायऱ्या अजून आहेत. मी गेले आणि जायलाच हवं असं मला वाटतं, पण दहा वर्षांच्या मुलाला नको. एकाने मुलासोबत नदीवर थांबा, दुसऱ्याने मुलीला तिच्याशी आधी बोलून घेऊन वर न्या.

वाखाऊत डावा काठ गावांचा, उजवा शांत, मुलांसोबत उजवा घ्या आणि पलीकडच्या श्पिट्झ गावाला जायला नाव पकडा. या नावेला इंजिन नाही. नदीवरून आडवी तार टांगलीय, नाव तिला बांधलेली, नावाडी तिचं तोंड जरासं तिरपं करतो आणि प्रवाहच तिला ढकलत पलीकडे नेतो. आवाज फक्त पाण्याचा आणि वर तारेवरून घरंगळणाऱ्या चाकाचा. माझ्या शेजारी सात-आठ वर्षांची एक मुलगी कठड्याला गाल टेकवून पूर्ण वेळ ते चाक बघत होती, आणि पलीकडे पोचल्यावर तिने आईला परत एकदा जायला लावलं. संध्याकाळी ही नाव लवकर बंद होते, शेवटच्या फेरीची वेळ काठावरच्या पाटीवर लिहिलेली असते ती जातानाच बघून ठेवा.