२००३ चा ‘रोडमॅप’ (इस्रायल-पॅलेस्टिनी संघर्ष मिटवण्याची शांतता योजना) इस्रायलने ‘अटींसह’ स्वीकारला, म्हणजे नेमकं काय केलं?

थोडक्यात सांगायचं तर ‘हो’ म्हटलं, पण सोबत १४ आक्षेपांची यादी जोडली.

अमेरिका, रशिया, युरोपीय संघ आणि संयुक्त राष्ट्रे या चौकडीने ३० एप्रिल २००३ रोजी ही योजना जाहीर केली. तीन टप्पे, आणि २००५ पर्यंत स्वतंत्र पॅलेस्टाईनसह कायमचा तोडगा. २५ मे रोजी इस्रायलचे तेव्हाचे पंतप्रधान शेरॉन यांच्या मंत्रिमंडळात मतदान झालं: १२ बाजूने, ७ विरोधात, ४ तटस्थ. त्याआधी दोनच दिवस अमेरिकेने इस्रायलच्या शंकांकडे गांभीर्याने पाहू असं आश्वासन दिलं होतं. योजनेचा मसुदा मात्र बदलला नाही.

खरी मेख क्रमात होती. मूळ मसुद्यात दोन्ही बाजूंनी पहिल्या टप्प्यातली कामं एकाच वेळी करायची होती: पॅलेस्टिनींनी हिंसाचार थांबवायचा, इस्रायलने पॅलेस्टिनी भागातल्या ज्यू वसाहतींची वाढ गोठवायची. इस्रायलची अट अशी की आधी दहशतवाद पूर्ण थांबायला हवा, सशस्त्र संघटना मोडल्या जायला हव्यात, मगच पुढे. शिवाय पॅलेस्टिनी निर्वासितांना इस्रायलमध्ये परतण्याचा हक्क नाही, हेही त्या आक्षेपांत होतं. पॅलेस्टिनी नेतृत्वाने योजना आहे तशी स्वीकारली होती, त्यामुळे दोघांच्या हातात कागद एकच, पण वाचन वेगवेगळं!

माझ्या मते शेरॉन यांना दोन्ही आघाड्या सांभाळायच्या होत्या: अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बुश यांना नकार द्यायचा नव्हता आणि घरचं उजवं सरकारही पाडायचं नव्हतं. नोव्हेंबरमध्ये सुरक्षा परिषदेने ठराव १५१५ ने योजनेला पाठिंबा दिला, तोही त्या १४ मुद्द्यांचा उल्लेख न करता.