वाचक विचारतात : जपानी अक्षरं गिरवताना

जपानी लिहायला-वाचायला नुकतीच सुरुवात केलेल्या वाचकांचे प्रश्न आम्ही मागवले होते. नाशिक शहर आणि परिसरातून आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरं दिली आहेत. आमच्या छपाईत जपानी अक्षरं नाहीत, त्यामुळे आकार शब्दांत सांगावे लागले. वाचताना हिरागाना-काताकाना या दोन जपानी उच्चारलिप्यांचा तक्ता शेजारी ठेवलात तर बरं.

हिरागाना, काताकाना, कांजी यांपैकी आधी काय शिकावं? मी सध्या जपानी शब्द देवनागरीत लिहून पाठ करते. चालेल ना?
— एक विद्यार्थिनी, कॉलेज रोड

आधी हिरागाना, ते हाताशी आलं की लगेच काताकाना (परकी शब्द आणि नावं यात लिहितात). दोन्हींत मूळ अक्षरं ४६च. कांजीसाठी, म्हणजे चिनीतून आलेल्या अर्थ दाखवणाऱ्या अक्षरांसाठी, ही दोन्ही पक्की होण्याची वाट पाहू नका. काताकाना चालू असतानाच आकडे, वार, 'माणूस', 'तोंड', 'झाड' अशी सोपी अक्षरं घ्यायला लागा.

देवनागरी मात्र पहिल्या आठवड्यानंतर सोडा. 'कोको' म्हणजे 'इथे'. हायस्कूलला जपानीत जो शब्द आहे तोही देवनागरीत 'कोको'च दिसेल. हिरागानात पहिला दोन अक्षरी, तर दुसरा को-उ-को-उ असा चार अक्षरी, आणि उच्चारालाही दुप्पट वेळ घेणारा. आपल्याकडे ए आणि ओ यांना ऱ्हस्व-दीर्घ हा भेदच नसल्याने तो कागदावर उतरत नाही. इ-उ बाबत अडचण उलटी आहे. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायची आपल्याला शाळेपासून सवय, म्हणून आपण 'सुशी', 'त्सुनामी' लिहितो. जपानीत हे दोन्ही शेवट ऱ्हस्व आहेत. आणि तिथे मात्रा चुकली की नातं बदलतं: 'ओजिसान' म्हणजे काका, 'ओजीसान' म्हणजे आजोबा.

देवनागरीचा खरा फायदा वेगळ्या ठिकाणी आहे, आणि तो बहुतेक वर्गांत सांगितलाच जात नाही. हिरागानाच्या तक्त्यातला क्रम आपल्या वर्णमालेचाच भाऊ आहे. स्वर अ, इ, उ, ए, ओ. मग ओळी का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. बौद्ध भिक्षूंबरोबर सिद्धम ही संस्कृत लिहायची लिपी आणि तिचं वर्णशास्त्र जपानला गेलं, त्याचा हा ठसा. च-वर्गाच्या जागी 'सा' आणि प-वर्गाच्या जागी 'हा' आहे, एवढं लक्षात ठेवलं की तक्ता पाठ करावा लागत नाही आणि शब्दकोशात शब्दही पटकन सापडतो. 'हा'ची ओळ 'पा'च्या जागी का? प्राचीन जपानीत तिचा उच्चार 'प'कडचा होता. म्हणूनच 'का'वर दोन टिकल्या दिल्या की 'गा', 'ता'वर दिल्या की 'दा', पण 'हा'वर दिल्या की 'बा' होतो, आणि छोटं वर्तुळ दिलं की 'पा'.

तक्त्याबाहेर उरणारं एकटं 'न्' म्हणजे आपला अनुस्वार समजा. प-ब-म च्या आधी तो म् होतो (शिंबुन, म्हणजे वर्तमानपत्र), क-ग च्या आधी ङ् (तेंकि, म्हणजे हवामान). आपण 'अंबा' आणि 'अंक' म्हणताना हेच करतो. फरक एवढाच की जपानीत त्याला स्वतःची पूर्ण मात्रा असते. 'कोन्निचिवा'त पाच मात्रा: को, न्, नि, चि, वा.

रोज एक ओळ घेतलीत तर दहा-अकरा दिवसांत ४६ अक्षरं होतात. एक अक्षर तक्ता बघून पाच वेळा, मग तक्ता झाकून दहा वेळा लिहा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काही न बघता कालची ओळ लिहा. तक्त्याकडे बघत शंभर वेळा गिरवलं तर हात चालतो, आठवण बसून राहते. दोन ओळी झाल्या की लगेच शब्द वाचा: आओ (निळा), काओ (चेहरा), एकि (स्टेशन), इके (तळं). घोटाळे ठरलेले असतात. 'ने', 'रे' आणि 'वा' तिघांची डावी बाजू सारखीच, शेपूट तेवढी वेगळी: 'ने'ला शेवटी गाठ, 'रे'ची शेपूट बाहेर वळते, 'वा'ची आत. 'नु'ला गाठ आहे, 'मे'ला नाही. तसंच 'रु'ला आहे, 'रो'ला नाही.

एक अपवाद पहिल्या दिवसापासून माहीत असू द्या. वाक्यात विभक्तीसारखं काम करताना 'हा' अक्षर 'वा' वाचतात, 'हे' अक्षर 'ए' आणि 'वो' अक्षर 'ओ'. १९४६ साली लेखन उच्चारानुसार सुधारलं, तेव्हा एवढ्या तीन जागी जुनी पद्धत ठेवली गेली. ऐकून लिहिताना नवशिक्यांच्या सर्वांत जास्त चुका इथेच होतात.

अक्षरं ओळखता येतात, पण मी लिहिलेलं 'जपानी दिसत नाही' असं शिक्षक म्हणतात. काय चुकत असेल?
— एक वाचक, सिडको

बहुधा तुम्ही जपानी अक्षरं देवनागरीसारखी लिहीत आहात. आपली अक्षरं शिरोरेषेला दोरीवरच्या कपड्यांसारखी लटकतात. जपानी अक्षर एका अदृश्य चौकोनाच्या मध्यावर बसतं. एकेरी रेघांच्या वहीत मराठी हात प्रत्येक अक्षर वरच्या रेघेला चिकटवतो आणि सगळी ओळ वर ओढल्यासारखी दिसते.

वही बदला. गणिताची चौकटींची वही कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळते. त्यातल्या चार चौकटींचा मिळून एक मोठा चौकोन धरा. मधल्या उभ्या-आडव्या रेघा आपोआप मध्य दाखवतात. तक्त्यातलं अक्षर कुठल्या चतकोरात सुरू होतं, मधली रेघ कुठे ओलांडतं, हे बघून उतरवा. छोटे 'त्सु', 'या', 'यु', 'यो' स्वतंत्र चौकोनात येतात: आडव्या लेखनात चौकोनाच्या डाव्या-खालच्या कोपऱ्यात, उभ्या लेखनात उजव्या-वरच्या. ते मोठे झाले किंवा गळले की शब्दच बदलतो. 'किते' म्हणजे 'ये', आणि मध्ये छोटा 'त्सु' आला की 'कित्ते', म्हणजे टपालाचं तिकीट.

दुसरं, रेघेचा शेवट. तो तीनच प्रकारचा असतो: तोमे म्हणजे थांबून उचलणं, हाने म्हणजे आकडा मारणं, हाराई म्हणजे झाडूसारखं निसटतं सोडणं. बॉलपेनने तिन्ही सारखेच दिसतात. निदान पहिले दोन-तीन महिने २बी पेन्सिल वापरा, दाब कुठे कमी-जास्त झाला ते लगेच कळतं.

तिसरं कारण फॉन्ट. छापील 'कि' आणि 'सा' यांत खालचा बाक वरच्या रेघेला जोडलेला दिसतो. हाताने लिहिताना तो सुटा असतो. हाताचा 'कि' चार रेघांचा, 'सा' तीन रेघांचा. मोबाइलवरचं अक्षर बघून गिरवलंत तर चुकीचा आकार बसेल. जपानी शालेय पुस्तकांच्या वळणाचा 'क्योकाशोताई' फॉन्ट असलेला तक्ता घ्या.

रेघांचा क्रम पाळायलाच हवा. वरून खाली, डावीकडून उजवीकडे, छेदणाऱ्या रेघांत बहुधा आडवी आधी, चौकटीत आधी भिंती, मग आतला मजकूर आणि तळाची रेघ सर्वांत शेवटी. 'तोंड' या चौकोनी कांजीत चार बाजू दिसतात, पण रेघा तीनच: डावी उभी, मग वरची आणि उजवी एका फटक्यात, मग तळ. क्रम चुकला की भरभर लिहिताना अक्षर ओळखू येत नाही, आणि बोटाने लिहून शोधायच्या शब्दकोशातही ते लवकर सापडत नाही.

काताकानातले 'शि' आणि 'त्सु', 'सो' आणि 'न्' काही केल्या वेगळे दिसत नाहीत. आणि माझं आडनाव काताकानात कसं लिहू?
— घाटगे, नाशिकरोड

ओळखताना तिरपेपणाकडे बघू नका, छोट्या रेघा कुठे रांग धरतात ते बघा. 'शि'मध्ये त्या डाव्या कडेला एकाखाली एक असतात आणि लांब रेघ खालून वर जाते. 'त्सु'मध्ये त्या वरच्या कडेला शेजारी-शेजारी असतात आणि लांब रेघ वरून खाली येते. एक छोटी रेघ कमी केली की 'शि'चा 'न्' आणि 'त्सु'चा 'सो'. हिरागानातला 'शि' खाली जाऊन वर वळतो, 'त्सु' उजवीकडे जाऊन खाली उतरतो. काताकानातली दिशाही त्याला जुळते. योग्य दिशेने लिहिलंत तर महिन्याभरात डोळेही सरावतात.

काताकानात दीर्घ स्वरासाठी आडवी रेघ असते (उभ्या लेखनात ती उभी होते). ती विसरलात तर 'बीरु' म्हणजे बिअर मागताना 'बिरु' म्हणजे इमारत मागाल.

नाव ऐकू येतं तसं लिहायचं. महाप्राण गळतात, घ चा ग आणि भ चा ब होतो. ल, ळ, र तिघेही 'रा'च्या ओळीत जातात. सुट्या व्यंजनाला बहुधा उ जोडतात, ट-ड ला ओ. त्यामुळे घाटगे म्हणजे गा, रेघ, तो, गे. कुलकर्णी म्हणजे कु-रु-का-रु-नि, पाटील म्हणजे पा, रेघ, ति, रेघ, रु, आणि आपलं नाशिक म्हणजे ना, रेघ, शि, कु. एकच रूप ठरवा आणि परीक्षेच्या अर्जापासून व्हिसाच्या कागदांपर्यंत तेच ठेवा.

आमच्याकडे एक जुनं जपानी मशीन आहे. पॅनेलवरच्या पाट्या वाचण्यापुरतं शिकता येईल का?
— एक ऑपरेटर, अंबड औद्योगिक वसाहत

येईल, आणि कांजीची ही चांगली सुरुवात आहे, कारण तेच तुकडे पुन्हापुन्हा येतात. आधी खात्री करा की पाटी जपानीच आहे. आसपास कुठेही हिरागाना किंवा काताकाना नसेल तर ती चिनी असू शकते.

'उन्तेन' म्हणजे मशीन चालू, 'तेइशि' म्हणजे थांब, 'हिजो तेइशि' म्हणजे आणीबाणीचा स्टॉप. 'शि' हे अक्षर थांबण्याचं आहे. तेच 'किन्शि' म्हणजे मनाई यातही दिसेल. 'जिदो' म्हणजे स्वयंचलित, 'शुदो' म्हणजे हाताने चालवायचं. दोन्हींत 'दो' एकच, त्याच्या डाव्या भागात 'जड' आणि उजव्यात 'जोर'. आधीचं अक्षर 'हात' असेल तर मॅन्युअल. 'देंगेन' म्हणजे वीजपुरवठा. पहिल्या अक्षराच्या डोक्यावर 'पाऊस' बसलेला आहे.

साध्या स्विचवर 'इरि' आणि 'किरि' ही एकेकच अक्षरं असतात, चालू आणि बंद. 'इरि' हुबेहूब 'माणूस' या कांजीसारखं वाटतं. फरक डोक्यावर आहे: 'माणूस'मध्ये डावी रेघ उंच आणि उजवी तिच्या कुशीतून निघते, 'इरि'मध्ये उजवी रेघ डावीच्या वरून डोकावते. 'किरि'त डावीकडे 'सात', उजवीकडे 'तलवार'.

डाव्या बाजूला तीन छोटे थेंब दिसले तर ते पाण्याचं चिन्ह, सांझुइ. तेल, तापमानाचं पहिलं अक्षर, 'चूइ' म्हणजे सावधान याचंही पहिलं अक्षर, सगळ्यांत ते आहे. म्हणजे चिन्हावरून अंदाज बांधता येतो, अर्थ ठरवता येत नाही. 'किकेन' (धोका) लिहिलेल्या पाटीखालचा मजकूर आणि दाब-तापमानाच्या मर्यादा मोबाइलच्या कॅमेरा-भाषांतरावर सोडू नका. कंपनीकडून अधिकृत भाषांतर मागून घ्या.

कांजी हजारो आहेत आणि एकेकीचे चार-चार उच्चार. जपानी लोक सरळ हिरागानातच का लिहीत नाहीत?
— एक वाचक, इंदिरानगर

कारण जपानीत शब्दांमध्ये मोकळी जागा सोडत नाहीत. 'निवा निवा निवा निवातोरि गा इरु' हे एक गमतीचं वाक्य आहे: अंगणात दोन कोंबड्या आहेत. नुसत्या हिरागानात हे सलग वाचून बघा! कांजी आली की अंगण कुठे संपलं, दोन कुठे आणि कोंबडी कुठे, हे नजरेलाच कळतं.

रोजच्या वापरासाठी सरकारमान्य यादी २१३६ कांजींची आहे. जपानी मुलं पहिलीत ८० शिकतात आणि सहा वर्षांत १०२६. तुम्ही रोज तीन-चार घ्या. उच्चारांची यादी पाठ करण्यात आमच्या मते वेळ फुकट जातो. कांजी शब्दातच शिका. 'निचियोबि' म्हणजे रविवार, यात पहिली आणि शेवटची कांजी एकच आहे, पण एकदा ती 'निचि' आणि एकदा 'बि' वाचली जाते. शब्द पाठ झाला की दोन्ही उच्चार फुकट मिळतात. प्रत्येक कांजीसाठी दोन शब्द आणि एक छोटं वाक्य पुरे.

जेएलपीटी एन५ (जपानी भाषेच्या परीक्षेची सर्वांत सोपी पातळी) साठी हाताने लिहिता यायला हवं का?
— नववीतल्या मुलीचे पालक, पंचवटी

परीक्षेपुरतं नाही. सगळे प्रश्न पर्यायी असतात, पेन्सिलने गोल भरायचे. एकूण गुण १८०, उत्तीर्ण व्हायला ८०. शिवाय भाषाज्ञान-वाचनात १२० पैकी ३८ आणि श्रवणात ६० पैकी १९ लागतातच. तरीही मुलीला लिहायला लावा, कारण जवळजवळ सारखी दिसणारी अक्षरं लिहिणाऱ्याला लवकर ओळखू येतात. परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये असते. जवळची केंद्रं पुणे आणि मुंबई, तेव्हा आदल्या दिवशी पोचण्याची सोय बघा.

कॉम्प्युटरवर 'कोन्निचिवा' टाइप केलं की भलतंच उमटतं.
— एक वाचक, सातपूर

दोन चुका होत असाव्यात. 'न्'साठी एन दोनदा दाबावा लागतो आणि पुढच्या 'नि'चा एन वेगळा, म्हणजे सलग तीन एन. शेवटचा 'वा' हा लिहिण्यात 'हा' आहे, म्हणून एच-ए. छोट्या 'त्सु'साठी पुढचं व्यंजन दोनदा, एकटा हवा असेल तर एक्स-टी-यू. दीर्घ रेघेसाठी हायफनची कळ. स्पेस दाबल्यावर कांजीचे पर्याय येतात. पहिलाच पर्याय डोळे झाकून घेऊ नका, सारख्या उच्चाराचे शब्द जपानीत पुष्कळ आहेत.