परदेशात राहून कमी पैशात फाइन डाइनिंग जमतं का, की तो नुसता दिखावा असतो?

जमतं. दुपारी जा. रात्री जाऊ नका.

खरं तर उत्तर एवढंच आहे, पण प्रश्नात तुम्ही दिखावा म्हणालात आणि हेच मी आमच्या एका काकांकडून मिरजेत भर साखरपुड्यात ऐकलंय, त्यामुळं आता जरा लांबणार, सहन करा.

मी सांगलीची. विश्रामबागेत आमची खाणावळ होती, वालचंद कॉलेजची पोरं मेंबर. आई चपात्या आणि आमटी बघायची, बाबा बाजार आणि महिन्याचा हिशोब, आणि शाळेतून आलं की वाट्या पुसणं आणि वाढणं माझ्याकडं. रविवारी दुपारी फीस्ट, रात्री बंद. आता मी फ्रान्समध्ये ल्योंला नोकरी करते आणि हो, मला चांगल्या ठिकाणी बसून जेवायला आवडतं, त्यात लाजण्यासारखं काय आहे ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

तर दुपारचं गणित. ज्या ठिकाणी रात्री माणशी 100 युरोच्या पुढं बिल जातं त्यातल्या बऱ्याच ठिकाणी आठवड्यातल्या कामाच्या दिवशी दुपारी तीन कोर्सचा मेनू 40 च्या आसपास मिळतो. तेच किचन, तोच शेफ. खाणावळवाल्याच्या पोरीला याचं कारण वेगळं सांगावं लागत नाही, भाडं आणि पगार दुपारी पण चालूच असतात, टेबल रिकामं राहिलं की ते नुकसानच. पाणी मागताना 'काराफ दो' म्हणायचं, म्हणजे नळाचं पाणी सुरईत येतं आणि जेवणाऱ्याला ते फुकट द्यायचं असा तिथं कायदाच आहे, नुसतं वॉटर म्हणालात की बऱ्याचदा बाटली उघडून ठेवणार आणि पैसे लावणार. पाव फुकट. सर्विस किमतीतच धरलेली असते, टिप द्यायलाच पाहिजे असं नाही. नोकरीला असाल तर बऱ्याच कंपन्या टिकेट रेस्टो, म्हणजे जेवणाची कुपनं, देतात, त्यातले निम्मे किंवा थोडे जास्तच पैसे कंपनी भरते आणि दिवसाला 25 युरोपर्यंत वापरता येतात, पण आपली पोरं ती सगळी सुपरमार्केटात तांदूळ-डाळीवर उडवतात. उडवा, पण महिन्यातून एखादं तरी नीट जेवणावर घालवा की.

मागच्या वसंतात आई-बाबा आले होते. आई माळकरी, कांदा-लसूण चालतं पण बाकी काही नाही, म्हणून आधीच मेल करून सांगितलं होतं की मासा नको, मटणाचा रस नको, जिलेटिन नको आणि चीजमध्ये वासराचं रेनेट, म्हणजे दूध फाडायला घालतात तो वासराच्या पोटातला रस, नको. हे स्पष्ट लिहावं लागतं, व्हेजिटेरियन एवढंच लिहिलं तर चीज येतंच आणि फ्रेंच चीजमध्ये बहुतेकदा रेनेट असतंच. शेफनं आईसाठी पांढरं अस्पॅरॅगस आणि कोवळ्या मटारचं वेगळं केलं, बाबांनी केनेल खाल्लं, म्हणजे गोड्या पाण्यातला मासा वाटून केलेला फुगीर गोळा, वर सॉस. ताट आलं तेव्हा बाबा माझ्याकडं बघून हळूच म्हणाले, "एवढंच?" मग पावाची टोपली परत भरून आली, परत भरून आली, आणि ते म्हणाले, "ही तर अनलिमिटेड चपातीच की."

त्यानंतर मात्र ते जेवायचं सोडून कामच बघत बसले. ताट गरम करून का आणलंय. तीन प्लेटा एका हातावर कशा घेतल्यात. गोड यायच्या आधी वेटरनं खिशातून एक वाकडं पत्र्याचं पातं काढलं, बोटाएवढं, आणि टेबलक्लॉथवरचा पावाचा भुगा एका दमात खरवडून छोट्या ताटलीत ओढून घेतला, एक कण राहिला नाही. बाबांनी ते पातं हातात मागून घेतलं, उलटंसुलटं बघितलं, धार नाही ना ते अंगठ्यानं बघितलं. आयुष्यभर ओल्या फडक्यानं टेबलं पुसलेला माणूस तो.

आईला किचन बघायचं होतं. मी विचारलं, त्यांनी दाखवलं. आत शेफ प्रत्येक ताटाची कड कापडानं पुसून मगच बाहेर सोडत होता, आणि आई मला कोपरानं ढोसून म्हणाली, "बघ, मी ओरडायचे ना तुला." आमटीचा ओघळ कडेवर दिसला की ती ताट परत घ्यायची, मेंबर कितीही बोंबलू देत.

तिघांचं बिल 130 युरोच्या आत.

तर बाबांनी हे फोटो साखरपुड्यात कौतुकानं दाखवले आणि काकांनी युरोचे रुपये करायला लगेच गुणिले शंभर केलं. तेरा हजार! एवढ्यात अख्खं घर महिनाभर जेवलं असतं, बाप ताटं विकून मोठा झाला आणि पोरगी नुसता दिखावा करतीय, वर हिला स्वयंपाक येत नाही वाटतं. सगळे हसले. बाबा पण हसले, ते मला जास्त लागलं.

तिथं बोलले नाही, इथं बोलते. काका, ज्या ल्योंच्या जेवणाचं जगभर नाव आहे ते राजवाड्यातनं आलेलं नाही. श्रीमंतांच्या घरी स्वयंपाकाला असलेल्या बायकांनी बाहेर पडून स्वतःच्या खाणावळी काढल्या, त्यांना तिथं 'मेर' म्हणजे आई म्हणतात. त्यातली युजेनी ब्राझिए शेतकऱ्याची पोर, लहानपणी आई गेलेली, लग्नाआधी मूल झालं म्हणून घर सुटलं. 1921 मध्ये तिनं ल्योंत छोटं हॉटेल काढलं आणि 1933 मध्ये तिच्या दोन्ही ठिकाणांना मिशेलिनचे, म्हणजे त्या टायर कंपनीच्या रेस्टॉरंटांच्या यादीतले, सगळ्यात वरचे तीन-तीन स्टार मिळाले. नावाजलेला शेफ पॉल बोक्यूझ, ज्याच्या नावानं आज ल्योंचं मोठं मार्केट आहे, तो उमेदवारीला तिच्याच किचनमध्ये होता आणि तिथं त्याला गाईंची धार पण काढावी लागायची. म्हणजे खाणावळवालीच्या पोरीनं तिथं जाऊन बसायचं नाही तर कुणी बसायचं?

आणि गुणाकाराचं. पगार युरोत, भाडं युरोत, मग जेवण तेवढं रुपयात कशाला मोजायचं? ऑनलाइन मागवलेल्या थंड बिर्याणीला डिलिव्हरी धरून 15 युरो जातात, तेव्हा कुणी गुणाकार करत नाही.

बाकी तुमच्या कामाचं: मिशेलिनच्या यादीत स्टार सोडून बिब गूर्मां बघा, ओठांवरून जीभ फिरवणाऱ्या टायरवाल्या बाबाचं चित्र असतं, 1997 पासून ते बेताच्या किमतीत चांगलं जेवण देणाऱ्यांना देतात. हॉटेल मॅनेजमेंटच्या कॉलेजची रेस्टॉरंट पण शोधा, विद्यार्थी शिकत शिकत वाढतात, थोडं सावकाश असतं पण स्वस्त. स्पेनला गेलात तर कामाच्या दिवशी दुपारी मेनू देल दिया, म्हणजे त्या दिवसाचा ठरलेला मेनू, घ्या, त्यात पाव, पेय, गोड सगळं येतं. फ्रान्समध्ये बाराला-साडेबाराला पोचा, आपल्यासारखं अडीचला गेलात तर किचन बंद. सोमवारी बऱ्याच ठिकाणी सुट्टी. वाइन घेतलीत तर माझं सगळं गणित कोलमडतं, आणि बुकिंग केलंत आणि गेलाच नाहीत तर काही ठिकाणी कार्डावरून पैसे कापतात.

शिक्षणाचं कर्ज डोक्यावर असेल तर आधी हप्ता भरा, हे मी पण केलंय. हप्ता भरून उरलेल्या पैशात काय खायचं ते मात्र काकांना विचारत बसू नका.