गाडीतनं उतरल्या उतरल्या दोराला हात लावू नको

भावा, तू सांगितलंस की वय ३४, कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीतनं कास्टिंग (ओतीव लोखंडी माल) भरून आयशर चाकणला नेतोस, दोन महिने झाले कंबर धरलीय, कळ डाव्या मांडीतनं पोटरीपर्यंत उतरतीय आणि मेडिकलमधनं गोळी आणून दिवस काढतोयस. मी २३ वर्षं ट्रक चालवलाय, आधी ऊस, मग पुणे लाईन, आणि हेच दुखणं काढलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं मागच्या खिशातलं पाकीट काढ. जाड पाकिटावर सहा-सहा तास बसलं की कंबर एका अंगाला कलते आणि कुल्ल्यातली शीर दाबते. मग सीट बघ, क्लच पूर्ण दाबल्यावरपण गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे, पाय ताणावा लागत असेल तर सीट पुढं घे, पाठ किंचित मागं कललेली ठेव, आणि कमरेच्या खोलगट जागी टॉवेलची गुंडाळी लाव. फोम बसला असेल तर मालकाच्या मागं लागून बदलून घे. सेकंदाला ४ ते ६ हेलकावे बसले की मणका त्याच तालात हलायला लागतो आणि हादरा अजून वाढतो, त्यात कागल-सातारा हायवेच्या सहापदरी कामातले खडबडीत वळणरस्ते तुला माहीतच आहेत.

आता खरं सांगायचं ते. मणक्यातल्या गादीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो, आपण हललो तरच तिला खाद्य मिळतं. तासन् तास बसलं की ती दबते, मणका धरून ठेवणारे पट्टे ताणून सैल पडतात आणि उभं राहिल्यावर लगेच जाग्यावर येत नाहीत, आणि नेमकं तेव्हाच आपण केबिनमधनं उडी मारतो आणि ताडपत्रीचा दोर आवळायला घेतो. २०११ च्या हंगामात साखर कारखान्याच्या यार्डात ऊस खाली करायच्या नंबरसाठी मी रात्रभर केबिनमध्येच बसून होतो, पहाटे नंबर लागला म्हणून उडी मारून दोर सोडायला वाकलो, परत सरळच होता येईना, किन्नरानं (गाडीवरच्या क्लीनरनं) आणि अजून दोघांनी धरून नेलं, पुढं दीड महिना घरात. म्हणून उतरताना धरून, पायरीवर पाय देऊन उतर, पाच-दहा मिनिटं चाल, चहापण उभ्यानं घे, मग दोर. कराड, सातारा, खंबाटकी उतरल्यावर शिरवळ, एवढ्या ठिकाणी तरी खाली उतरच.

मालक वेळेवरनं ओरडतो म्हणालास. पाच किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या वाहतूकदाराला नोव्हेंबर २०२५ पर्यंत १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा लागायचा, त्यात दिवसाला ८ तास आणि सलग ५ तासांच्या आत अर्धा तास विश्रांती होती, आता त्याच्या जागी नवी कामगार संहिता आलीय. भांडू नको, पण ठाऊक असू दे.

गोळीचं मात्र मला पटलं नाही. लघवीला थांबायला नको म्हणून आपण पाणी कमी पितो, त्यात रोज दुखण्याची गोळी, याचा मार किडनीला आणि पोटाला बसतो. कमरेचा पट्टा वजन उचलताना वापर, दिवसभर नको. सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, हाडांच्या ओपीडीत दाखव, ते व्यायाम शिकवायला फिजिओकडं पाठवतील. एमआरआयची घाई नको, डॉक्टर सांगतील तेव्हा काढ. पण पाऊल उचलेना झालं, जांघेच्या आतल्या बाजूला बधिर वाटलं, किंवा लघवी-संडासवरचा ताबा गेला तर ट्रीप तिथंच सोड आणि त्याच तासाला दवाखाना गाठ, रात्रीचे दोन वाजले असले तरी.