आई समुपदेशनाला येत नाही, संग्रहालयात नेलं तर?

"आई घराबाहेर पडत नाही. समुपदेशनाचं नाव काढलं की 'मी काय वेडी आहे?' म्हणून अंगावर येते. आणि तुम्ही तिला संग्रहालयात न्यायचं म्हणता? जुन्या वस्तू बघून कुठे नैराश्य जातं का? चारचौघांत रडली तर?"

लालबागच्या एका मुलीचे हे प्रश्न. बऱ्याच घरांतून येतात, म्हणून तिच्या आईची गोष्ट सांगते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

बाई साठीच्या पुढच्या. यजमान गेल्यापासून झोप नाही, जेवणावर वासना नाही, भजनी मंडळ सुटलेलं. मानसोपचारतज्ज्ञांच्या गोळ्या चालू होत्या. लेकीनं कसंबसं माझ्याकडे समुपदेशनाला आणलं, तर पदराशी चाळा करत "बरं आहे" एवढंच म्हणाल्या.

आमचा आधारगट अधूनमधून राणीच्या बागेतल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात जातो. १८७२ साली लोकांसाठी उघडलेली ही मुंबईची वास्तू. मी त्यांना सरळ सांगितलं, गटाबरोबर या, बोलायची सक्ती नाही.

तिथे जुन्या मुंबईतल्या माणसांच्या, त्यांच्या पोशाखांच्या आणि धंद्यांच्या मातीच्या छोट्या प्रतिकृती आहेत. प्रत्येकानं एकच वस्तू निवडायची आणि तिच्यापाशी थांबायचं, असं आम्ही ठरवतो. बाई लुगडं नेसलेल्या एका मूर्तीपाशी थांबल्या. काचेशी वाकून बाजूनं बघायला लागल्या. "काष्टा बरोबर काढलाय हो. माझी आई असाच घट्ट काढायची." मग आईची लुगडी निघाली, मग यजमानांनी पहिल्या दिवाळीला आणलेलं. "ते ट्रंकेत आहे. हे गेल्यापासून उघडलीच नाही." आणि रडल्या. कुणी समजूत घालायला धावलं नाही. गटातल्या एकीनं बसायला जागा करून दिली.

समोरासमोर बसलं की दुखावलेल्या माणसाला आपली तपासणी चालली आहे असं वाटतं. दोघांची नजर एखाद्या वस्तूवर असली की हा ताण उतरतो, आठवण आपसूक येते. पुढच्या भेटीत ट्रंकेवरूनच आमचं बोलणं सुरू झालं.

कॅनडात मॉन्ट्रियलच्या कलासंग्रहालयानं २०१८ मध्ये डॉक्टरांच्या संघटनेशी हात मिळवला आणि तिथल्या डॉक्टरांना औषधासारखी संग्रहालयभेटीची चिठ्ठी लिहून देता येऊ लागली. मुंबईत असं व्हावं ही माझी मनापासूनची इच्छा आहे. संग्रहालयातल्या माणसांना वस्तू ठाऊक असतात, आम्हाला रडू सांभाळता येतं, दोघंही हवेत. आठवड्यातली एक शांत सकाळ आणि बसायला चार खुर्च्या मिळाल्या तरी पुष्कळ काम होईल. रविवारी बागेत पेंग्विन बघायला लोटणाऱ्या गर्दीत हे जमत नाही.

त्या मुलीला मी सांगितलं, एवढ्यानं नैराश्य जात नाही. गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नकोस. पहिल्या वेळी बरोबर ये, पण आईचे फोटो काढू नकोस. घरी गेल्यावर "बरं वाटलं का?" म्हणून मागे लागू नकोस, काय काय बघितलंस ते विचार. आणि जगण्यात राम नाही, संपवून टाकावं, अशी भाषा तोंडी आली तर पुढच्या भेटीची वाट बघायची नाही. तडक डॉक्टरांना गाठायचं, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन लावायचा, रात्री-अपरात्रीसुद्धा.