ताऱ्यांच्या लोककथांनी प्राचीन चिनी कवितेला काय दिलं?

तुम्ही विचारलंय की ताऱ्यांच्या लोककथांचा जुन्या चिनी कवितेवर काय परिणाम झाला. माझ्या मते सगळ्यात मोठा परिणाम विरहाच्या कवितेवर झाला.

विणकरीण आणि गुराखी यांची गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते, म्हणजे आपले अभिजित आणि श्रवण हे तारे, मधे आकाशगंगेची नदी आणि वर्षातून एकदाच, सातव्या महिन्याच्या सातव्या रात्री भेट. पण 'शीजिंग' या अडीच हजार वर्षांहून जुन्या कवितासंग्रहात हे तारे पहिल्यांदा येतात तेव्हा प्रेमाचा पत्ताच नाही! तिथे पूर्वेकडची पिळवणुकीने गांजलेली माणसं वर बघून तक्रार करतायत, की विणकरीण दिवसभर फिरते पण कापड काही होत नाही, बैल आहे पण गाडी ओढत नाही, सूप नावाचा तारकासमूह आहे पण त्याने पाखडता येत नाही.

मग हान काळातल्या, म्हणजे साधारण दोन हजार वर्षांपूर्वीच्या 'एकोणीस जुन्या कवितां'मधली एक बघा, कवी अनामिक आहे. तिथेही विणकरणीचं कापड पूर्ण होत नाही, गोरे नाजूक हात मागावर चाललेत, धोट्याचा खटखट आवाज येतोय, पण आता कारण वेगळं आहे, डोळ्यांतून पावसासारखं पाणी वाहतंय. नदी तर उथळ आणि नितळ, अंतर असून असून किती असणार, तरी दोघं नुसते एकमेकांकडे बघतात, बोलता येत नाही. जुना तक्रारीचा तपशील तसाच ठेवून त्याचं दुःख केलंय, मला हे फार थोर वाटतं. पुढे सोंग काळात, म्हणजे साधारण हजार वर्षांपूर्वी, छिन ग्वान या कवीने म्हटलं की प्रेम टिकणारं असेल तर रोज भेटायची काय गरज, ती ओळ खूप गाजली, पण मला हान काळातलीच जास्त भिडते.

दुसरी कथा आपल्याकडे फारशी कुणाला माहीत नसते. दोन भाऊ सतत हत्यारं घेऊन भांडायचे म्हणून सम्राटाने त्यांना दोन टोकांना धाडलं आणि एकेकाला एकेक तारा सोपवला, एकाला मृगातला, दुसऱ्याला वृश्चिकातला. आता मृग उगवतो तेव्हा वृश्चिक मावळलेला असतो, दोन्ही एकत्र दिसतच नाहीत. म्हणून तांग काळातला थोर कवी दू फू ७५९ साली वीस वर्षांनी जुन्या मित्राला भेटतो तेव्हा कवितेची सुरुवातच अशी, की माणसांची गाठ पडत नाही, त्या दोन ताऱ्यांसारखी. आणि मग एकदम घरातलं सगळं, मित्राची मुलं ओळीने उभी, रात्रीच्या पावसात कापून आणलेली कोवळी पात, राळे घालून शिजवलेला ताजा भात, एकामागून एक दहा प्याले. उद्या मधे पुन्हा डोंगर येणार हे दोघांनाही ठाऊक आहे. सुरुवातीला ते तारे नसते तर या जेवणाला एवढं वजन आलं नसतं.

वाचायला सुरुवात करायची तर हान काळातली ती कविता आधी घ्या, दहाच ओळींची आहे.